जुना गावरान कोंबडा थंड पडलाय? पिसं झडवून परत कामाला लावायची पद्धत

दोन-अडीच वर्षांचा कोंबडा, रंग झकास, बांधा झकास, पहाटे आरवतोय पण जोरात, आणि तरी खुडूक कोंबडीखाली पंधरा अंडी ठेवली की सात-आठच पिल्लं निघतात, बाकीची अंडी कानाशी हलवली तर आत नुसतं पाणी डुचमळतं. असं झालं की बहुतेक जण कोंबडीला नाहीतर अमावस्येला दोष देतात आणि कोंबड्याकडं कुणाचं लक्षच जात नाही. त्यात कुणीतरी सांगतं की त्याला उपाशी ठेव, पिसं झडली की परत तरणा होतो. यात अर्धं खरं आहे, अर्धं धोक्याचं आहे, म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधीच सांगतो, साध्या कोंबड्यासाठी हा उपद्व्याप करू नका. अडीच महिने जातात, त्यापेक्षा सात-आठ महिन्यांचा नवा तलंगा (तरणा कोंबडा) आणा आणि जुन्याचा रस्सा करा, तेच परवडतं. हे सगळं करायचं ते अशा नरासाठी ज्याच्यासारखा दुसरा मिळत नाही. म्हणजे चांगल्या वाणाचा असील (झुंजीची जड जात), किंवा मध्य प्रदेशातल्या झाबुआकडून खात्रीनं आणलेला अस्सल कडकनाथ (त्याला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून काळ्या रंगाचं काहीही कडकनाथ म्हणून विकतात ते वेगळंच), किंवा नंदुरबार-धुळ्याकडचा बुसरा, किंवा तुमच्या घरचाच असा कोंबडा की ज्याची पिल्लं मरत नाहीत, चपळ निघतात. असा नर अजून एक सीझन वापरता आला तर त्याच्या वीस-तीस पोरी हाताशी येतात, त्यासाठी अडीच महिने घालवायला हरकत नाही.

आता आत काय होतं ते थोडक्यात. कोंबड्याच्या गोट्या पोटाच्या आत, पाठीच्या कण्याला चिकटून, मूत्रपिंडाजवळ असतात. दिवस लहान व्हायला लागला, खाणं कमी झालं, की मेंदूकडून येणारा हुकूम कमी होतो, गोट्या आकसतात, नराचं हार्मोन उतरतं, थायरॉइडचं वाढतं आणि पिसं झडायला लागतात. त्या काळात वीर्य जवळजवळ बंद. मग खाणं वाढलं, उजेड वाढला की गोट्या परत भरतात आणि काम नव्यानं सुरू होतं. निसर्गात हे दरवर्षी भाद्रपद ते कार्तिकाच्या दरम्यान आपोआप होतंच, पण जुन्या नरात ते रेंगाळत चालतं, अर्धी पिसं आत्ता अर्धी पौषात, आणि ऐन अंडी बसवायच्या दिवसांत गडी निम्म्या ताकदीवर असतो. आपण करायचं इतकंच की ही झड एकदम, लवकर आणि आपल्या वेळेला उरकून घ्यायची. सोबत दोन फायदे फुकट मिळतात, अंगावरची चरबी उतरते आणि माद्यांपासून सुट्टी मिळते. माझं स्पष्ट मत आहे की बऱ्याच कोंबड्यांत खरा फरक या दोन गोष्टींनीच पडतो, पण पडतो हे खरं. तरुणपणचा जोर मात्र पूर्ण परत येत नाही, चार-पाच वर्षांच्या म्हाताऱ्यावर तर हा प्रयोग करूच नका.

सुरू करण्याआधी दोष खरंच नराचा आहे का ते बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी करत नाही. एक ताजं अंडं, आजचंच, बशीत फोडा आणि पिवळ्या बलकावर एक पांढरा ठिपका असतो तो शोधा. नाही दिसला तर बलक चमच्यानं हळूच फिरवा, वर येतो. ठिपका लहान, घट्ट पांढरा, कडा वेड्यावाकड्या असतील तर अंडं वांझ. ठिपका थोडा मोठा, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्यात गोल कडं दिसतंय, मधे पातळसर आणि बाजूनं रिंगण, तर अंडं फळलेलं. दोन-चार अंडी फोडली की नजर बसते, सकाळच्या ऑम्लेटच्या आधी बघायची सवय लावा, काही खर्च नाही.

फळलेली अंडी भरपूर दिसतायत आणि तरी पिल्लं निघत नसतील तर कोंबड्याला सोडा, दोष दुसरीकडं आहे. अंडी दहा-पंधरा दिवस साठवली असतील, फ्रिजात ठेवली असतील, उन्हाळ्यात पत्र्याखाली टोपलीत पडून असतील, किंवा बाप-लेकींचाच संकर दोन-तीन पिढ्या चालू असेल. घरचाच नर घरच्याच पोरींवर वर्षानुवर्षं ठेवला की गर्भ आतल्या आत मरतात, त्याला पिसं झडवून काय होणार, शेजारच्या गावातनं नर बदलून आणा.

अंडी खरोखर वांझ निघत असतील तरी थांबा, अजून एक यादी आहे. शेपटीखाली गुदाच्या भोवतीची पिसं बाजूला करून बघा, पिसांच्या बुडाशी पांढरट गुठळ्या चिकटलेल्या दिसल्या तर त्या उवांच्या लिखा, अशा कोंबड्याचा सगळा दिवस खाजवण्यात जातो. रात्री टॉर्च घेऊन खुराड्यातल्या दांडीच्या फटी बघा, लाल माइट (गोचिडीसारखे बारीक किडे) दिवसा तिथं लपतात आणि रात्री रक्त पितात. पायाच्या तळव्याला काळी खपली आणि सूज असेल तर तो मादीवर चढायला घाबरतो. नख्या आणि आऱ्या (पायाच्या मागचे काटे) फार वाढल्या असतील तर मादीची पाठ फाटते आणि मादी पळते, आरीचं टोक बारीक कानशीनं घासून बोथट करा, बुडाशी कापू नका, आत जिवंत भाग असतो. छातीचं हाड चाचपा, हाड अजिबात लागत नाही इतका मांसल-चरबीचा झालाय तर तो नुसता लठ्ठ आहे, आणि हाड सुरीसारखं लागतंय तर तो आजारी नाहीतर जंतांनी पोखरलेला आहे, अशाला कमी खायला घालणं म्हणजे मारणंच.

आणि संख्या. गावरान नराला आठ-दहा माद्या ठीक, असील जड असतो आणि आळशीही, त्याला चार-सहा बास. वीस माद्यांत एक नर सोडून परत अंडी वांझ म्हणणारे खूप आहेत.

उपाशी ठेवायचं नाही

जुन्या लेयर फार्मवर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथं, पूर्वी कोंबड्यांचं खाद्य दहा-बारा दिवस पूर्ण बंद करायचे, कधी पाणीपण तोडायचे, त्यावरून हे खूळ गावात आलंय. २०११ मध्ये ॲनिमल वेल्फेअर बोर्डानं उपाशी ठेवून पिसं झडवणं बंद करा असं पोल्ट्रीवाल्यांना कळवलं, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये पाळलेल्या जनावराला पुरेसं खाणं-पाणी न देणं हा गुन्हाच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी नराच्या बाबतीत ते तोट्याचंच आहे, कारण उपाशी नर चरबीसोबत छातीचं मांस पण जाळतो आणि मग सावरायला दुप्पट वेळ घेतो, काही तर सावरतच नाहीत. आपली पद्धत वेगळी, पोट भरायचं पण हलक्या खाण्यानं. पाणी एक तासही बंद करायचं नाही.

कधी सुरू करायचं

उलटं मोजा. आपल्याकडं पिल्लं काढायला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत, थंडीत अंडी टिकतात, पिल्लांना मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) त्रास आटोक्यात असतो आणि उन्हाळा लागेपर्यंत पिल्लू पिसाचं होतं. नर परत तयार व्हायला साधारण नऊ-दहा आठवडे लागतात. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, गणपतीच्या आसपास सुरू केलं तर नोव्हेंबरच्या मध्यावर नर हाताशी येतो. शिवाय त्या वेळी दिवस आपोआप लहान होत असतो, पुण्याकडं जूनच्या शेवटी दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो तो डिसेंबरात अकरावर येतो, म्हणजे अर्धं काम सूर्यच करतो.

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात नाहीतर घाटावर हे करू नका, उघड्या अंगाचा कोंबडा ओल्या खुराड्यात गारठला की सर्दी, घरघर, खेळ खलास. मार्च ते मे तर अजिबातच नाही, तसंही पारा ३२-३५ च्या वर गेला की नराचं वीर्य पातळ होतं, त्या दिवसांत निम्मी अंडी वांझ निघाली तर त्याचं नाव उन्हाळा, त्याला औषध म्हणजे सावली, गार पाणी आणि पत्र्यावर पाचट.

तयारीचे दोन-तीन आठवडे

ऑगस्टच्या मध्यावर जंताचं औषध द्या, कुठलं आणि किती ते गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबड्याचं वजन सांगून विचारा, अंदाजानं देऊ नका. उवांसाठी औषध लावा आणि आठ-दहा दिवसांनी परत लावा, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत. शिवाय राख, कोरडी माती आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला एका घमेल्यात ठेवा, तो स्वतःच लोळतो. मानमोडीची लस राहिली असेल तर आत्ताच उरका, झड चालू असताना लस टोचायची नाही, तेव्हा अंगात झेपायची ताकद कमी असते.

मग त्याचं वजन करून भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. पाय बांधून हुकाच्या काट्याला टांगतात तसं नको, जड असीलचा पाय निखळतो, पिशवीत बसवून पिशवी टांगा. वजन दर वेळी सकाळी, खाण्याआधी, कारण भरलेल्या पोटरीनं (गळ्याखालची दाण्याची पिशवी) पन्नास-शंभर ग्रॅमचा फरक पडतो आणि आपला सगळा हिशोब वजनावरच चालणार आहे.

आता प्रत्यक्ष

पहिल्या दिवशी नर माद्यांपासून वेगळा करा, असा की त्याला माद्या दिसणार नाहीत आणि दुसरा नरही दिसणार नाही, नाहीतर जाळीला चोच आपटत बसतो. जागा कोरडी, हवेशीर, वाऱ्याचा झोत अंगावर नाही अशी. खाली भाताचं तूस नाहीतर लाकडाचा भुसा. बल्ब असेल तर बंद, फक्त दिवसाचा उजेड. रस्त्याचा दिवा खुराड्यात पडत असेल तर गोणपाट लावा. पक्ष्याला उजेड नुसता डोळ्यातनं कळत नाही, कवटीतनं थेट मेंदूपर्यंत पोचतो, त्यामुळं झोपलेला दिसला तरी दिवा मोजला जातोच.

पहिले तीन दिवस नेहमीचं खाद्य निम्मं आणि हलकं खाद्य निम्मं. चौथ्या दिवसापासून पूर्ण हलकं. हलकं म्हणजे सहा भाग गव्हाचा कोंडा आणि चार भाग ज्वारी नाहीतर बाजरीचा भरडा, दोन-सव्वादोन किलोच्या कोंबड्याला दिवसाला ५५-६० ग्रॅम, असील साडेतीन किलोचा असेल तर ८०-९०. दोन वेळा विभागून द्या. त्यात मिनरल मिक्श्चर चिमूटभर आणि पाण्यात आठवड्यातनं दोनदा व्हिटॅमिन. हिरवा पाला, मेथीची देठं, घास, अझोला (पाण्यावर तरंगणारी वनस्पती), शेवग्याचा पाला हवा तेवढा, त्यानं पोट भरतं आणि तो कावत नाही. या दिवसांत मुक्त सोडायचं नाही, उकिरड्यावर गेला की किडे, शिळी भाकरी, भात सगळं खाऊन येतो आणि आपला हिशोब वाया.

दर तिसऱ्या दिवशी वजन. मूळ वजनाच्या १०-१२ टक्के उतरलं की पुरे, १५ टक्के ही शेवटची रेघ. दोन किलोचा असेल तर १७०० ग्रॅमवर थांबायचं म्हणजे थांबायचं, पिसं झडली असोत वा नसोत. लेयर कोंबड्यांत २५-३० टक्क्यांपर्यंत उतरवायचे हे कुणी सांगेल, ते विसरा. लठ्ठ नराला जरा जास्त दिवस चालतं, सडपातळ नराला दहा-बारा दिवसांतच रेघ लागते.

साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी मानेवर विरळ दिसायला लागतं, खुराड्यात सकाळी पिसांचा सडा. झडायचा क्रम ठरलेला असतो, डोकं-मान, मग छाती, अंग, पंख आणि शेवटी शेपटी. तुरा बारीक होतो, लाल रंग उतरून फिका गुलाबी पडतो, आरवणं कमी नाहीतर बंद. घरचे म्हणतात हा मेला आता. घाबरू नका, तुरा उतरला म्हणजेच आतलं काम थांबलं, तीच तर आपल्याला पाहिजे ती खूण. पण डोळे मिटून, मान आत ओढून, पिसं फुलवून कोपऱ्यात बसला, हिरवट पातळ विष्ठा टाकतोय, पाण्याकडं जात नाही, तर ताबडतोब चांगलं खाद्य सुरू करा आणि डॉक्टरला दाखवा, तो आजार आहे.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत पिसं हललीच नाहीत तर जबरदस्ती करू नका, खाद्य अजून कमी करून काही होत नाही. बहुतेक वेळा कुठूनतरी उजेड येत असतो, नाहीतर घरातली पोरं दाणे टाकत असतात.

पंख वाचायला शिका

झड कुठपर्यंत आली हे पंखावर नीट कळतं. पंख पसरून धरा, टोकाकडची मोठी दहा पिसं असतात ती उडायची, अंगाकडची दुसरी, आणि या दोन गटांच्या मधे एक आखूड पीस. दहातली झड त्या आखूड पिसाच्या शेजारून सुरू होते आणि टोकाकडं जाते, एकामागोमाग. चांगली झड म्हणजे तीन-चार पिसं एकदम गेलेली आणि शेजारीशेजारी वेगवेगळ्या उंचीची नवी वर येतायत. एकच एक पीस पडतंय आणि ते पूर्ण वाढल्यावर दुसरं, तर झड रेंगाळतेय, असा नर दोन-दोन महिने जास्त घेतो. नवीन पिसाचा कोंब निळसर काळा आणि फुगीर दिसतो कारण आत रक्त असतं, तो दाबू नका, दुखतं, आणि मोडला तर भळाभळा रक्त येतं. म्हणूनच या दिवसांत त्याला दुसऱ्या पक्ष्यांत सोडत नाहीत, रक्त दिसलं की बाकीचे टोचून टोचून संपवतात. कोंबडा हातात धरायचा तर तेवढ्यापुरताच.

पुढचं खाणं, इथंच खरी कमाई

वजनाची रेघ गाठली की खाद्य हळूहळू वाढवा, दर दोन दिवसांनी दहा-दहा ग्रॅम, एकदम पोटभर दिलं तर पोटरी तुंबते. पीस जवळजवळ सगळं प्रोटीनचंच असतं आणि त्यात गंधक असलेली ॲमिनो आम्लं लागतात, मेथिओनिन वगैरे, ती नुसत्या मक्या-ज्वारीत पुरेशी मिळत नाहीत. दहा किलो खाद्याचा हिशोब देतो, मका भरडा साडेपाच किलो, सोयाबीन पेंड पावणेदोन किलो, गव्हाचा कोंडा दोन किलो, तिळाची पेंड अर्धा किलो, आणि उरलेल्या पाव किलोत मिनरल मिक्श्चर, शिंपल्याची पूड आणि ३० ग्रॅम मीठ. हे साधारण १७ टक्के प्रोटीनचं होतं. तिळाची पेंड मुद्दाम आहे, तिच्यात मेथिओनिन चांगलं असतं. कोकणात जवळा-सुकट सहज मिळतं, तिळाऐवजी ते कुटून घाला पण मग मीठ बंद, सुकट आधीच खारट असते. रोज १०० ते १२० ग्रॅम, असीलला थोडं जास्त, पिसं भरेपर्यंत चार-पाच आठवडे.

सोबत मोड आलेली मटकी नाहीतर मोडाचे गहू एक मूठ, एक दिवसाआड. ई जीवनसत्त्व, झिंक आणि सेलेनियम या तीन गोष्टी वीर्यासाठी लागतात, बाजारात पोल्ट्रीचं ई-सेलेनियम मिळतं ते पाकिटावर लिहिलंय तेवढंच द्या, सेलेनियम जास्त झालं तर विषच.

तीन गोष्टी अजिबात नकोत. पहिली सरकीची पेंड. गोठ्यात पोतं असतंच, म्हशीला घालतोय तर याला पण मूठभर, असं होतं, पण सरकीत गॉसिपॉल असतं आणि ते थेट वीर्यावर मारा करतं, बाकी सगळं बरोबर करून नर थंडच राहतो आणि कारण सापडत नाही. दुसरी बुरशी आलेली शेंगदाणा पेंड किंवा ओला होऊन वाळवलेला मका, पावसाळा संपताना हाच स्वस्त मिळतो, बुरशीच्या विषानं लिव्हर जातं. तिसरी म्हणजे लेयर फीड, अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन टक्के कॅल्शियम लागतं, नराला एक टक्का पुरतं, महिनोनमहिने लेयर फीड खाल्लं की मूत्रपिंडावर ताण येतो. माद्यांसोबत सोडल्यावर तो त्यांचंच खाणार हे खरंय, त्यासाठी त्याचं खाद्य उंच टांगा, जिथं मादीची मान पुरत नाही, आणि माद्यांना शिंपलं वेगळ्या भांड्यात द्या.

उजेड कधी वाढवायचा

सहाव्या-सातव्या आठवड्यात, शेपटीची मोठी पिसं अर्ध्यावर आली की. आधी नाही. पहाटे एक साधा पिवळा एलईडी, दर आठवड्याला अर्धा तास वाढवत सूर्याचा आणि दिव्याचा मिळून उजेड १४ तासांवर न्यायचा आणि तिथंच ठेवायचा. आज लावला उद्या विसरला असं केलं तर न लावलेला बरा, सॉकेट टायमर अगदी स्वस्त नसतो हे मान्य, पण घेऊन टाका, लोडशेडिंग असेल तर बॅटरीचा बल्ब. वाढवलेला उजेड मधेच तोडला की शरीराला वाटतं परत दिवस लहान झाले आणि मान परत झडायला लागते.

दोनेक आठवड्यात तुरा भरतो, रंग लालभडक, गरम लागतो हाताला, आरवणं सुरू, खाली पंख घासत गोल फिरायला लागतो. तरी घाई नको. वीर्य आतमध्ये तयार व्हायलाच कोंबड्यात साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे तुरा लाल झाला त्या दिवशी माल तयार असतोच असं नाही. ज्याला जमतं त्यानं पाठीवरून शेपटीकडं मसाज करून वीर्य काढून बघावं, दाट दुधासारखं पांढरं पाहिजे, थेंब छोटाच असतो, पाव-अर्धा मिली म्हणजे भरपूर. पाण्यासारखं असेल तर अजून आठवडा थांबा. पांढरी खडूसारखी भुकटी मिसळली असेल तर ती विष्ठेतली, घाबरायचं कारण नाही. हात बसलेला नसेल तर हे डॉक्टरकडनं करून घ्या, जोरात दाबलं तर इजा होते.

माद्यांत सोडताना

गुदाभोवतीची पिसं नराची पण आणि फार दाट पिसांच्या माद्यांची पण कात्रीनं आखूड करा, एवढ्यानंच काही ठिकाणी अंडी फळायला लागतात. संध्याकाळी सोडा. कोंबड्या सकाळी अंडी घालतात आणि मीलन दुपारनंतरचंच जास्त उपयोगी पडतं, कारण तेव्हा मादीच्या वाटेत कवच झालेलं अंडं अडकलेलं नसतं, कृत्रिम रेतन करणारे पण दुपारी तीननंतरच करतात. पहिल्या आठवड्यात चार-पाच माद्याच द्या. जागेवर दुसरा नर बसला असेल तर त्याला आधी काढा, दोन-अडीच महिन्यांनी आलेल्याला कुणी मोठेपणा देत नाही, मारामारीत नवी पिसं आणि डोळा दोन्ही जातात.

आणि हे लक्षात ठेवा, मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते, दहा-बारा दिवस तर सहज, कधी तीन आठवडेपर्यंत. मधल्या काळात दुसरा नर होता तर तो काढल्यावर तीन आठवड्यांची अंडी खायला वापरा, नाहीतर पिल्लं कुणाची ते कळणार नाही आणि ज्या वाणासाठी एवढं केलं तोच हरवायचा. दुसरा नर नव्हताच तर आठवडाभरानं अंडी गोळा करायला हरकत नाही.

अंड्यावर पेन्सिलनं तारीख, निमुळतं टोक खाली, गार सावलीत, सात दिवसांच्या आतली बसवायची. सातव्या रात्री कोंबडीखालून काढून मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर धरा, लाल शिरांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका तर जिवंत, नुसतं पिवळं स्वच्छ तर वांझ, लाल गोल रेघ तर फळलेलं पण मेलेलं. वांझ आणि मेलेली वेगवेगळी मोजा, दोन्ही एकत्र धरून नराला नापास करणारे लोक इथंच चुकतात. वांझचा आकडा झडवण्याआधीच्या आकड्याशी ताडून बघा.

आधी पंधरातली सात वांझ होती आणि आता तीन-चारवर आली तर काम झालं, त्याच्याकडनं या सीझनमध्ये जेवढी पिल्लं काढता येतील तेवढी काढा आणि त्यातला चांगला तलंगा बाजूला ठेवा, कारण पुढच्या वर्षी हाच कोंबडा परत झडवून तेवढंच मिळेल याची खात्री धरू नका. दोन खेपा बसवून पण निम्मी वांझच, तुरा लाल असून, माद्या कमी असून, तर गोट्याच गेल्यात. मग रविवार बघा आणि मसाला वाटायला घ्या. जुना कोंबडा आहे, शिजायला वेळ लागेल.